हात वर करण्याचा हक्क

गेल्या वैशाखांत आमच्या बदलापूरच्या घरीं रात्रीच्या पंक्तींत एक वाद माजला. वाद तसा क्षुल्लक होता. परंतु त्याचा शेवट असा झाला कीं, सुमारें पस्तीस वर्षें मी ज्या गोष्टीकडे पाठ फिरवून बसलों होतों ती पुढ्यांत येऊन उभी राहिली. वाचकांपैकीं पुष्कळजण माणसांच्या राबत्या घरांत राहणारे. पुष्कळांवर कोणाचा ना कोणाचा निवाडा करण्याची पाळी रोज येणारी. म्हणून ही हकीकत त्यांच्यापुढें मांडण्याचें धाडस करितों.

माझ्या पुतण्याची मुलगी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकते. मुळा-मुठेच्या कांठीं त्या महाविद्यालयाचें नौकामंडळ आहे, आणि 'रेगॅटा' या नांवानें ओळखला जाणारा त्यांचा नौकोत्सव १९२८ पासूनचा आहे. आमची ही नात अंगानें अगदींच वेताची; म्हणून चौघी वल्हीं मारणाऱ्या नावेंत सुकाणूं धरून बसण्याचें काम तिच्याकडे आलें. सुटींत घरीं आल्यावर तिनें हें मोठ्या कौतुकानें सांगितलें. माझे वडील बंधु अण्णा ऐंशीच्या घरांत आहेत. ते भाताचा घांस हातांत धरूनच म्हणाले, "म्हणजे वल्हीं त्या चौघी मारणार, आणि तूं नुसती बसून हांका देणार! ह्यांत तुझा खेळ तो कोणता?" सारी पंगत हंसली. मीहि हंसलों. नात कांहीं बोलली नाहीं. जेवणें आटोपल्यावर मात्र तिनें कागदांची एक जुडी माझ्यापुढें आणून ठेविली. म्हणाली, "आबा, तुम्ही जन्मभर मुलांना नियम शिकविलेत. हे एकदां वाचा, आणि मग हंसा."

ती जुडी म्हणजे आंतरराष्ट्रीय नौकास्पर्धांचे नियम होते. हे नियम करणारी संस्था १८९२ च्या जून महिन्यांत इटलींतील तुरीन शहरीं स्थापन झाली. पुष्कळ वर्षें ती आपल्या फ्रेंच नांवाच्या आद्याक्षरांवरून 'फिसा' म्हणून ओळखली जाई, आतां तिला 'वर्ल्ड रोइंग' म्हणतात. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. कोश शेजारीं ठेवून आठ दिवस मी ते नियम वाचले, आणि खरें सांगतों, धर्मसूत्रें वाचतांना जी गोडी लागते तीच मला येथें लागली. प्रत्येक नियमाच्या पाठीमागें एखादा अपघात, एखादी लबाडी किंवा एखादा रुसवा उभा आहे, हें वाचणाऱ्याला हळूहळू दिसूं लागतें.

पहिला विचार पाण्याचा. शर्यतीचा मार्ग सरळ दोन हजार मीटर. त्यांत सहा नावांसाठीं सहा पट्टे, प्रत्येक पट्टा साडेबारा ते साडेतेरा मीटर रुंद. सर्व पट्ट्यांत पाणी सारखें, वारा सारखा, हा मुख्य कटाक्ष. १८९६ सालीं अथेन्स येथें आधुनिक ऑलिंपिक खेळ प्रथम भरले तेव्हां नौकास्पर्धा कार्यक्रमांत असूनहि झाल्याच नाहींत. समुद्र खवळल्यामुळें त्या रद्द कराव्या लागल्या. आमची उल्हास नदी पाहून मला हें लगेच पटलें. कर्जतेकडून ती वळणें घेत बदलापुरास येते. चैत्रांत तिच्या पात्रांतले खडक उघडे पडतात आणि आषाढांत तीच नदी घरांत शिरते. २६ जुलै २००५ चा पूर येथें कोणी विसरलेलें नाहीं. २०१९ च्या जुलैंत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्यांत अडकली, आणि हजाराहून अधिक उतारूंना सोडवून आणावें लागलें, तेव्हां पाण्यांत घातलेल्या रबरी नावा ह्या भागांतील लोकांनीं पाहिल्या. अशा नदींत सहा सारखे पट्टे कोण आंखणार? पुण्याजवळ दापोडीस सैन्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दोन किलोमीटर लांबीचा जलमार्ग मुद्दाम बांधून काढला आहे, तो याचसाठीं.

इतकें करूनहि वारा कोणाचें ऐकत नाहीं. म्हणून नियम असा कीं, आधींच्या फेऱ्यांत ज्यांनीं चांगली कामगिरी केली त्यांना मधले पट्टे द्यावे. परंतु वाऱ्यामुळें एका बाजूचे पट्टे हलके व दुसऱ्या बाजूचे जड झाले, तर त्यासाठीं नेमलेल्या समितीनें पट्ट्यांची वांटणी बदलावी. वारा केला देवानें, पण त्यामुळें होणारा अन्याय कमी करणें माणसाच्या हातीं आहे, अशी ही वृत्ति.

नंतर वजनाचें प्रकरण. एका माणसाची नाव चौदा किलोंहून हलकी नसावी. आठ वल्हेकऱ्यांची व कर्णधाराची मोठी नाव शहाण्णव किलोंहून हलकी नसावी. नावेच्या टोंकाला पांढरा रबरी चेंडू असलाच पाहिजे, म्हणजे टक्कर झाली तरी तें टोंक कोणाच्या अंगांत घुसणार नाहीं. नाव उलटली तर पायांतील बांधलेले जोडे तात्काळ सुटले पाहिजेत. श्रीमंत देशानें तलम नाव करून गरीब देशाला मागें टाकूं नये, आणि जिंकण्याच्या नादांत कोणाचा जीव जाऊं नये, हीं दोन्ही सूत्रें येथें एकत्र आलीं आहेत.

सुकाणूं धरणाऱ्याचें वजन पंचावन्न किलोंहून कमी असूं नये, असाहि नियम आहे. कमी भरल्यास पंधरा किलोंपर्यंत निर्जीव वजन त्याच्याजवळ ठेवून तूट भरून काढावयाची. ह्याचें कारण शोधूं गेल्यास १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकची गोष्ट आठवावी. तेथें हॉलंडच्या दोघां वल्हेकऱ्यांनीं आपला सुकाणूंवाला जड वाटल्यामुळें त्याला उतरविलें आणि एका लहानशा फ्रेंच मुलाला नावेंत बसविलें. ते जिंकले. विजेत्यांबरोबर त्या मुलाचें छायाचित्र निघालें. त्याचें नांव मात्र आजतागायत खात्रीनें कोणाला सांगतां आलेलें नाहीं. जिंकणाऱ्या नावेंतला एक माणूस निनांवी राहिला! नातीला ही गोष्ट आधींपासून ठाऊक होती. ती म्हणाली, "म्हणून तर मला राग आला, आबा."

आतां अण्णांच्या प्रश्नाचें उत्तर. त्या जुडींत एक नियम असा सांपडला: शर्यतींत एखादा वल्हेकरी नावेबाहेर पडला तरी उरलेल्यांनीं अंतिम रेषा ओलांडल्यास ती नाव ग्राह्य, परंतु कर्णधारावांचून नाव रेषेपार गेली तर तिला क्रमांक नाहीं. हें वाचून मी कोश मिटला. 'कर्णधार' हा शब्द आपण हल्लीं क्रिकेटच्या नायकाला लावितों. मूळ संस्कृतांत कर्ण म्हणजे नावेचें सुकाणूं. तें धरणारा तो कर्णधार. वल्ह्याला 'अरित्र' म्हणत. अश्विनांनीं भुज्यूला समुद्रांतून सोडविलें ती नौका शंभर अरित्रांची होती, अशी ऋग्वेदांत कथा आहे. जन्मभर मी हे शब्द फळ्यावर लिहीत आलों. परंतु त्यांतला खरा कर्णधार म्हणजे माझ्याच घरांतील पोर, हें तिला हंसण्यापूर्वीं माझ्या ध्यानांत आलें नाहीं. वल्हेकरी पुढच्या रेषेकडे पाठ करून बसतात. त्यांना मागें सुटलेलें पाणी दिसतें, पुढचें दिसत नाहीं. चौघींच्या वतीनें पुढें पाहण्याचें काम ही एकटी करिते. २०१७ पासून पुरुषांच्या नावेंत स्त्रीनें आणि स्त्रियांच्या नावेंत पुरुषानें हें काम करण्यासहि ह्या संस्थेच्या नियमांची आडकाठी राहिलेली नाहीं.

चौघांची नाव म्हणजे काय, ह्याचें उदाहरण महाराष्ट्राला दूर शोधावयास नको. नाशिक जिल्ह्यांतील चांदवड तालुक्यांत तळेगांव रोही हें पाण्याचें दुर्भिक्ष सोसणारें गांव. तेथील दत्तू भोकनळ हे २०१२ सालीं सैन्यांत दाखल झाले आणि तेथेंच वल्हें धरण्यास शिकले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें एकेरी नावेंत ते तेरावे आले. २०१८ च्या आशियाई खेळांत, पालेंबांग येथें, २३ ऑगस्ट रोजीं एकेरीच्या अंतिम शर्यतींत त्यांचें त्राण गेलें आणि ते अगदीं शेवटीं आले. दुसऱ्याच दिवशीं स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह ते चौघांच्या नावेंत पुन्हा बसले आणि भारताला सुवर्णपदक मिळालें. आदल्या दिवशीं जो एकटा कोसळला त्याला दुसऱ्या दिवशीं तिघांनीं सांवरलें, कीं त्यानेंच तिघांना साथ देऊन आपणांस सांवरलें, हें नावेंत बसलेल्यांनाच ठाऊक. कुटुंबांत राहणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाहीं.

पंचाचें प्रकरण मी तीनदां वाचलें. शर्यतीच्या दोन मिनिटें आधीं प्रत्येक नाव आपल्या जागीं पाहिजे. प्रारंभ करणारा प्रत्येकाचें नांव घेतो, 'सावध' म्हणतो, तांबडा दिवा लागतो, आणि मग हिरवा. हिरव्यापूर्वीं जो निघेल त्याला एकदां ताकीद. तोच पुन्हा चुकला तर शर्यतीबाहेर. पंच यांत्रिक नावेंतून शर्यतीच्या मागोमाग जातो. त्यानें कोणाला वाट दाखवावयाची नाहीं, कीं कोणाला उत्तेजन द्यावयाचें नाहीं. एखादी नाव दुसरीच्या पट्ट्यांत शिरून तिला अडवूं लागली, तरच त्यानें पांढरें निशाण वर करून त्या नावेचें नांव उच्चारावें आणि निशाण ज्या बाजूस झुकवील त्या बाजूस तिनें वळावें. एऱ्हवीं मौन. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत नावाड्यांचे नियम आहेत. नावाड्यांच्या चुकीनें उतारूंचें नुकसान झालें तर तें सर्व नावाड्यांनीं मिळून आपापल्या हिश्शानें भरून द्यावें, आणि दैवानें झालें तर त्यांना दंड नाहीं. चूक कोणाची आणि दैव कोणाचें, हें निवडण्यासाठींच पंच लागतो. आणि तें निवडावयाचें तर त्यानें आधीं पाहिलें पाहिजे, नंतर ऐकलें पाहिजे.

ऐकण्याचा नियम शेवटीं आहे. नाव अंतिम रेषा ओलांडते. शर्यत यथायोग्य झाली असें पंचाला वाटलें तर तो पांढरें निशाण दाखवितो. परंतु ज्या नावेला आपल्यावर अन्याय झाला असें वाटत असेल, तिच्यांतील माणसानें तेथून हलण्यापूर्वीं हात वर करावयाचा. हात वर झाला कीं पंचाला ऐकावेंच लागतें. त्याचा निर्णय पटला नाहीं, तर एका तासाच्या आंत लेखी तक्रार द्यावी. तिजबरोबर कांहीं रक्कम अनामत ठेवावी लागते, आणि तक्रार खरी ठरली तर ती परत मिळते. तक्रार अंतिम शर्यतीविषयीं असेल, तर तिचा निकाल लागेपर्यंत पारितोषिकांचा समारंभ थांबवून ठेवावयाचा. समारंभ आधींच झाला असेल, तर निकाल आणि पदकें नव्या निर्णयाप्रमाणें बदलावयाचीं.

ह्या शेवटच्या दोन वाक्यांपाशीं मी थांबलों. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

पस्तीस वर्षांपूर्वीं मी अंबरनाथच्या एका शाळेंत शिक्षक होतों. वार्षिक खेळांत चौघांच्या टप्प्याच्या शर्यतीला मला पंच नेमलें होतें. शर्यत चुरशीची झाली. दुसऱ्या आलेल्या चौकडींतला शेवटचा धांवणारा मुलगा एका कारखान्यांतील कामगाराचा, तेरा-चौदा वर्षांचा, हडकुळा. रेषा ओलांडतांच त्यानें हात वर केला आणि धापा टाकीत म्हणाला, "सर, वळणावर त्यांनीं आमच्या पट्ट्यांत येऊन आमच्या गड्याला अडविलें." ऊन कलत होतें. पाहुणे खुर्चींत बसून होते, हार कोमेजूं लागले होते, आणि शाळेचे चालक घड्याळाकडे बोट दाखवीत होते. मीं वळणाकडे पाहिलें नव्हतें. माझी नजर रेषेवर होती. "मीं पाहिलें नाहीं, विचारून सांगतों," एवढें म्हणावयास किती वेळ लागला असता? मीं म्हटलें, "हरलेल्यानें हात वर करूं नये. पुढच्या वर्षीं धांवून दाखव." सभोंवतालचीं माणसें हंसलीं. त्यानें हात खालीं घेतला.

चार दिवसांनीं शाळेचा शिपाई सहज बोलतां बोलतां म्हणाला, "गुरुजी, पोरगा खरें सांगत होता. मी दोरी धरून वळणावरच उभा होतों." बक्षीस काय, तर चार पेले. तरी मुख्याध्यापकांपुढें जाऊन 'माझी चूक झाली' असें म्हणण्याचें धैर्य मला झालें नाहीं. समारंभ होऊन गेला, आतां काय करावयाचें, अशी मीं मनाची समजूत घातली. दुसऱ्या वर्षीं खेळांच्या यादींत त्या चौघांचींहि नांवें नव्हतीं. हें एक वेळ सोसलें असतें. परंतु तो मुलगा पुढें वर्गांतहि माझ्या तासाला कधीं हात वर करीत नसे. मी प्रश्न विचारीं. त्याला उत्तर येत असल्याचें डोळ्यांवरून दिसे. आणि हात बाकावर पडलेला असे. त्याला शिकविलेल्या सुभाषितांपैकीं एखादें तरी त्याला आठवत असेल कीं नाहीं, देव जाणे. मीं त्या दिवशीं मैदानावर शिकविलेला धडा मात्र त्यानें चोख पाठ केला.

तो उल्हासनगरांत लांकडी सामानाचा धंदा करतो, हें मला ऐकून ठाऊक होतें. अंबरनाथ आणि उल्हासनगर हीं लगतचीं गांवें. बदलापूरहून आगगाडीनें अर्ध्या तासाचाहि प्रवास नाहीं. इतकीं वर्षें तें अंतर मला फार वाटत आलें. ज्येष्ठांतल्या एका सकाळीं मी गेलों. त्यानें ओळखलें, उठून पायां पडला, चहा मागविला. आतां केस पांढरे झालेले. मीं येण्याचें कारण सांगितलें. तो हातांतल्या फळीवर कांचकागद फिरवीत राहिला. मीं सर्व सांगितलें: वळण, शिपाई, चार पेले, माझें मौन. शेवटीं तो म्हणाला, "सर, हरल्याचें मला फारसें वाटलें नव्हतें. पण वळणावर जो अडला त्याला मींच आग्रह करून धांवायला आणलें होतें. त्याला काय सांगूं, हें कळेना."

मी गप्प बसलों. थोड्या वेळानें तोच पुढें म्हणाला, "आतां दुकानांत चार माणसें आहेत. त्यांच्यांत तंटा झाला कीं मी दोघांचेंहि ऐकून घेतों, मग बोलतों. तुमच्याकडूनच शिकलों म्हणा." हें तो सहज म्हणाला कीं त्यांत टोंचणी होती, तें मला ठरवितां आलें नाहीं, आणि तें ठरविण्याचा अधिकारहि माझा नव्हता. क्षमा मीं मागितली. ती मिळाली किंवा कसें, हें मीं विचारलें नाहीं. निघतांना तो रस्त्यापर्यंत पोंचवावयास आला आणि रिक्षा थांबविण्यासाठीं त्यानें हात वर केला. तेवढ्यानेंहि माझे डोळे भरून आले. वय झालें म्हणजे असें होतें.

विद्यार्थ्यानें शिक्षकाला, मुलानें बापाला, सुनेनें सासूला उलट बोलूं नये, अशी आपल्या घरांची रीत आहे. मर्यादेचें मोल मी जाणतों. परंतु ह्या खेळाच्या नियमकर्त्यांनीं मर्यादा आणि मुस्कटदाबी यांतला भेद नेमका ओळखला आहे. तक्रार करणाऱ्यानें आरडाओरडा करावयाचा नाहीं, वल्हें आपटावयाचें नाहीं. नुसता हात वर करावयाचा, आणि तोहि जागेवरच, वेळेंतच. उलट पंचानें समारंभ थांबवूनहि ऐकावयाचें. मर्यादा दोन्हीकडून पाळली जाते म्हणून खेळ चालतो. आपण धाकट्यांना मर्यादा शिकवितों. ऐकण्याची जी थोरांची मर्यादा, ती मात्र पुष्कळदां विसरतों.

अण्णांना मीं कर्णधाराचा नियम वाचून दाखविला. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग नातीला जवळ बोलावून म्हणाले, "पुढच्या रेगॅट्याला मला पुण्यास न्या. कांठावर खुर्ची मिळत असली म्हणजे झालें." तिनें मिळते म्हणून सांगितलें.

तेव्हांपासून आमच्या पंक्तींत एक नवी वहिवाट पडली आहे. कोणाला कांहीं सांगावयाचें असलें म्हणजे तो डावा हात वर करतो, आणि अण्णा म्हणतात, "थांबा, ऐका." परवां आमच्या सर्वांत धाकट्या नातवानें हात वर केला. आमटींत मीठ नाहीं, एवढीच त्याची तक्रार होती. वहिनींनीं चाखून पाहिली. तक्रार खरी निघाली.